स्वस्त सुखांची उरलेली किंमत



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘साधी राहणी आणि उतारवयातला आनंद’. पत्र वाचलं आणि पहिली शंका आली ती ही की, या विषयावर तरुणांसमोर बोलायला कुणी का बोलावत नाही? तिशीतल्या माणसाला कुणी सांगत नाही की बाबा, तुला दोन शर्ट पुरेत. सत्तरी ओलांडली की मात्र गरजा कमी करा, अपेक्षा ठेवू नका, छोट्या गोष्टींत आनंद शोधा, असं जो तो सांगू लागतो. ज्याची मिळकत थांबलेली असते, नेमका त्यालाच साधेपणाचा उपदेश होतो. त्यामुळे आज मी उपदेश करणार नाही. साध्या गोष्टींत सुख असतं हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. नाहीतर ऐन मे महिन्यात, निम्मे पंखे बंद असलेल्या या सभागृहात तुम्ही आला नसतात.

व्याख्यान हेसुद्धा आपल्याकडचं एक जुनं आणि स्वस्त सुख. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे गावोगावी अशा माला निघाल्या, आणि महाराष्ट्रात उन्हाळा म्हणजे आंबे, लग्नं आणि व्याख्यानं असं समीकरण झालं. हल्ली अशा ठिकाणी पहिल्या चार रांगा पांढऱ्या केसांच्या असतात आणि त्याबद्दल आभारप्रदर्शनात खंत व्यक्त करायची प्रथा आहे. मला खंत वाटत नाही. तरुणांना या वेळी कामं असतात. ती संपली की तेही येतील.

मी पोस्टात नोकरी केली, बरीचशी काउंटरवर. काउंटरच्या आतल्या बाजूनं म्हातारपण फार जवळून दिसतं. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनवाले, मग मासिक प्राप्ती योजनेचं व्याज घ्यायला येणारे, तिमाहीला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खातेदार. आणि नोव्हेंबरात हयातीचे दाखले. आपण जिवंत आहोत हे पेन्शनरांना दरवर्षी सिद्ध करावं लागतं, हे इथल्या बऱ्याच जणांना अनुभवानं माहीत आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ आलं आणि कागदाऐवजी बोटाचा ठसा चालू लागला. पण जन्मभर भांडी घासून, विळीवर भाजी चिरून, शेतात खुरपून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, त्यांचा ठसा यंत्र घेईना. पुन्हा प्रयत्न करा, पुन्हा प्रयत्न करा. पुढे चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली, तेव्हा जरा सुटका झाली. तरी त्या रांगेत मी कटकटीपेक्षा गप्पाच जास्त पाहिल्या. दार उघडायच्या कितीतरी आधी माणसं येऊन बसायची. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, कुणाची नात दहावी झाली, कोण यंदा दिसत नाही. घरबसल्या दाखला मिळायला लागला याचं मी स्वागत केलं आणि अजूनही करते. त्या सोयीनं रांग गेली, आणि रांगेबरोबर ती वर्षातली एक बैठकही गेली, एवढंच.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते माझ्या काउंटरवर महिन्यातून एकदा पोस्टकार्डं घ्यायला येत. गठ्ठा घेत आणि तिथंच, खिडकीजवळच्या उंच फळीवर उभ्यानं पहिलं कार्ड लिहून पेटीत टाकत. जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं. कुणाला बढतीबद्दल अभिनंदन, कुणाला शुद्धलेखनाबद्दल कानपिचकी. हे त्यांचं निवृत्तीनंतरचं मुख्य सुख होतं, असं मी म्हटलं तर त्यांच्या घरची मंडळी नाही म्हणणार नाहीत.

पोस्टकार्ड आपल्या देशात १ जुलै १८७९ ला आलं, पाव आण्याला. आजही साध्या कार्डाला पन्नास पैसे पडतात. पण कार्ड छापायचं, पेटीतून काढायचं, शिक्का मारायचा, गाडीनं पाठवायचं, आणि मग पोस्टमननं उन्हातान्हात ते एखाद्या वस्तीवर नेऊन द्यायचं, या सगळ्याला पन्नास पैसे पुरत नाहीत. खात्याला येणारा खर्च त्याच्या कितीतरी पट. गुरुजींचं सुख पन्नास पैशांचं होतं खरं, पण उरलेली किंमत कुणीतरी भरत होतं. कोण? तुम्ही, मी, सगळेच. कुणाला त्याचा भार जाणवला नाही आणि गुरुजींनाही कुणाचे उपकार वाटले नाहीत. मला आज एवढंच सांगायचंय. म्हातारपणातली जी सुखं आपण साधी आणि स्वस्त म्हणतो, ती भोगणाऱ्याला स्वस्त पडतात, कारण त्यांची उरलेली किंमत दुसरं कुणी भरत असतं. कधी सरकार, कधी नगरपरिषद, कधी शेजार, आणि बहुतेक वेळा घरातली बाई. ती किंमत भरणारं कुणी उरलं नाही की सुख नाहीसं होतं आणि आपण म्हणतो, म्हाताऱ्याचा स्वभावच किरकिरा झालाय.

आधी सुखांबद्दल बोलू, कारण त्यांच्यावर बोलायला मलाही आवडतं.

वय वाढलं की भूक कमी होते, चव कमी होत नाही. निदान माझी झालेली नाही. तरुणपणी मेतकूट-भात म्हणजे आजारपणातलं जेवण वाटायचं. आता थंडीच्या सकाळी गरम आसट भात, त्यावर घरचं तूप, चिमूटभर मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याची फोड, यापुढे मला हॉटेलातलं कुठलंही ताट नको. त्यात नाटक नाही. पूर्वी जेवताना घड्याळ समोर असायचं, आज नसतं, हा खरा फरक. मटार सोलणं घ्या. नोकरी होती तेव्हा ते काम होतं, त्यातही वैताग. आज गॅलरीत ताट घेऊन बसते, शेंग फोडली की पहिला दाणा तोंडात, मग बाकीचे ताटात. निम्मे मटार घरात पोचतात, निम्मे वाटेतच संपतात, आणि सून काही बोलत नाही. तिच्या मौनाकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

रेडिओ. आमच्या पिढीला रेडिओ हे फुकटचं सुख वाटतं, पण ते फुकट नव्हतं. घरात रेडिओ ठेवायला लायसन्स लागायचं आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागायची, पुस्तिकेवर तिकिटं चिकटवून. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रानं गीतरामायण लावलं. छप्पन्न गाणी, आठवड्याला एक, वर्षभर. ज्या घरात रेडिओ होता त्या घराच्या ओसरीवर गल्ली जमायची. म्हणजे लायसन्सची फी एकानं भरली आणि सुख चाळीसजणांनी घेतलं. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. त्याच्या कानात यंत्र आहे, पण पुढच्या आठवड्याच्या गाण्यासाठी थांबायची त्याला सवय आहे. नातवंडांना ती नाही. त्यांना लागेल ते गाणं लगेच मिळतं. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण वाट पाहण्यातही सुख असतं, आणि त्या सुखाला पैसे पडत नसले तरी सराव पडतो.

सरावाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी माणसाला पक्षी दिसू लागत नाहीत. ज्यानं चाळीस वर्षं फाइलखेरीज काही पाहिलं नाही, तो बागेत जाऊनही फायलीबद्दलच बोलतो. असे लोक मी रोज पाहते आणि त्यांच्या बायकांना विचाराल तर त्या घरातही पाहतात. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६ चं. दुर्गाबाई तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. मुंबईसारख्या शहरात राहून बारा महिन्यांचे रंग, वास, पानगळ, मोहोर त्यांनी टिपले. पुढे त्या ब्याण्णव वर्षं जगल्या. आणीबाणीत तुरुंगात गेल्या, सरकारी सन्मान नाकारले, आणि स्वयंपाकावर लिहिताना तितक्याच रमल्या. एवढ्या विदुषीनं ‘खमंग’ नावाचं पुस्तक लिहावं याचं काहींना नवल वाटतं. मला वाटत नाही. पानगळीकडे ज्या डोळ्यांनी पाहायचं त्याच डोळ्यांनी फोडणीकडे पाहायचं असतं. हे डोळे साठाव्या वर्षी पेन्शनच्या कागदांबरोबर मिळत नाहीत, आधीपासून वापरावे लागतात.

आता किमतीकडे.

आपल्या जुन्या घरांत बसायला जागा होती. कोकणातल्या घराला पडवी आणि ओटी, देशावरच्या वाड्याला ओसरी, गावात वडाखालचा पार, देवळापुढचा सभामंडप. गोव्यातल्या घरांना बाल्कांव असतं. पायऱ्या चढून गेलं की दोन्ही बाजूंना समोरासमोर बसायचे सिमेंटचे किंवा दगडी कट्टे. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला काही करावं लागत नव्हतं. रस्ता त्याच्या समोरून जात होता, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याला दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. एकटेपणावर आज जी शिबिरं होतात त्यांची तेव्हा गरज नव्हती, याचं निम्मं श्रेय मी त्या कट्ट्यांना देते. निम्मंच, कारण त्याच घरांत माजघराच्या अंधारात बसलेल्या विधवाही होत्या आणि ओसरीवर बसायचा हक्क त्यांना नव्हता. जुन्या घरांचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

मग इमारती आल्या. चौथ्या मजल्यावरच्या माणसाला रस्ता दिसतो, पण रस्त्याला तो दिसत नाही. खाली पार्किंग. बसायची जागा म्हणजे वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची, आणि ती त्याचीच. म्हणून आज सार्वजनिक बाक ही म्हाताऱ्या माणसाची ओसरी झाली आहे. आपल्याकडे बाकावर बसणाऱ्याच्या पाठीशी कुणाच्या तरी ‘विकासनिधीतून’ अशी अक्षरं असतात. त्यावर लोक हसतात, मी हसत नाही. नाव घाला, फोटो घाला, पण बाक घाला. आणि घालताना एवढं बघा की त्याला पाठ असावी, हात टेकायला दांडी असावी, आणि उंची अशी असावी की गुडघे दुखणाऱ्याला उठता यावं. दांडी नसलेल्या बाकावरून उठणं हा सत्तरीनंतर एक स्वतंत्र व्यायाम आहे.

बाकापर्यंत पोचायचं कसं, हा पुढचा प्रश्न. फुटपाथ कसा असावा हे भारतीय रस्ते काँग्रेसनं लिहून ठेवलं आहे: चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी, आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्या बाजारपेठेतला फुटपाथ तुम्ही पाहिलाय. काही ठिकाणी तो चढायला मला रिक्षावाल्याचा हात धरावा लागतो, आणि चढल्यावर दहा पावलांवर ट्रान्सफॉर्मर. मग माणूस रस्त्याच्या कडेनं चालतो. एकदा कुणाचा आरसा कोपराला लागला की दुसऱ्या दिवसापासून फिरणं बंद. डॉक्टर सांगतात चाला. मुलं सांगतात, बाबा घरातच चाला. मग गृहस्थ हॉल ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालतात आणि घरच्यांच्या पायात पायात येतात. ज्याला आपण फिरण्याचा फुकट आनंद म्हणतो, त्यात दगड, सिमेंट आणि कुणीतरी नीट घेतलेलं माप असतं.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल व्याख्यानात बोलत नाहीत. मी बोलणार आहे, कारण ती बोलली गेली नाही म्हणूनच तिची सोय झालेली नाही. लघवी. पुरुषांना प्रोस्टेटमुळे, बायकांना बाळंतपणांमुळे आणि वयामुळे, तासाभरापलीकडे बाहेर राहणं अवघड होतं. संध्याकाळी देवळात जायचं असलं की माझ्या मैत्रिणी दुपारी तीननंतर पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा. त्यातून मग जळजळ, संसर्ग, औषधं. आपल्या गावच्या बाजारात बायकांसाठी एक स्वच्छ, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह झालं तर तेवढ्यानं जितक्या म्हाताऱ्या बायका आनंदी होतील, तितक्या आनंदावरच्या शंभर पुस्तकांनी होणार नाहीत. सभागृहात दोन माजी नगरसेवक बसलेत. त्यांनी खाली मान घालायचं कारण नाही, विद्यमान सदस्यांना निरोप द्यावा.

सगळंच काही वाईट चाललेलं नाही. एसटीचं उदाहरण घ्या. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या लोकांना तिकिटात निम्मी सवलत आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यात कुठंही एसटी मोफत झाली, आणि २०२३ च्या मार्चपासून बायकांना, कुठल्याही वयाच्या, अर्धं तिकीट. याचा परिणाम बघायचा असेल तर आपल्या स्टँडवर सकाळी जाऊन उभे राहा. ज्या आजींनी वर्षानुवर्षं मुलाकडे बसभाडं मागितलं नाही, कारण मागायची लाज वाटायची, त्या आधार कार्ड दाखवून बहिणीच्या गावाला निघालेल्या असतात. बहिणीकडे काय, तर काही नाही. दोन दिवस राहायचं, तिच्या अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा घेऊन परत यायचं. काही लोकांना या सवलतींचा राग येतो. गाड्या भरून जातात, म्हातारे उगाच फिरतात, असं म्हणतात. मला त्यातला ‘उगाच’ फार आवडतो. जन्मभर माणूस कामासाठीच प्रवास करतो, शेवटची काही वर्षं उगाच फिरला तर काय बिघडलं? तक्रार करायचीच तर गाडीच्या पहिल्या पायरीच्या उंचीबद्दल करा. तिकीट मोफत झालं, पण पायरी तितकीच उंच आहे.

रेल्वेत याच्या उलट झालं. साठी ओलांडलेल्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न ओलांडलेल्या बायकांना पन्नास टक्के सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये करोनाच्या कारणानं थांबवली. साथ गेली, सवलत परत आली नाही. सवलतीमुळे रेल्वेवर येणाऱ्या बोजाचे आकडे संसदेत सांगितले जातात, आणि ते आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. उरलेली किंमत असतेच. ती कुणी भरायची, एवढाच प्रश्न आहे.

आता घरात येऊ. मघाशी सुनेच्या मौनाबद्दल बोलले होते.

साध्या राहणीचा विषय निघाला की आपल्याकडे महर्षी कर्व्यांचं नाव घेतात. घ्यायलाच हवं. १८५८ चा जन्म, १९६२ ला निधन. एकशे चार वर्षं. हिंगण्यातल्या विधवांच्या आश्रमासाठी कॉलेजातलं शिकवणं आटोपून चिखल तुडवत पायी जाणारे, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी नवं मंडळ काढणारे आणि त्यासाठी दारोदार वर्गणी मागत फिरणारे अण्णा. १९५८ मध्ये, त्यांच्या शंभराव्या वर्षी, पोस्टानं त्यांचं तिकीट काढलं. आमच्या खात्यात ही गोष्ट नव्या माणसाला हमखास सांगत: जिवंतपणी स्वतःचं तिकीट पाहिलेला पहिला भारतीय. त्यांच्याइतकं साधं जगणं कुणाला जमलं असेल असं मला वाटत नाही.

पण अण्णांच्या ‘आत्मवृत्ता’शेजारी बायांचं ‘माझे पुराण’ ठेवून वाचा. बाया म्हणजे आनंदीबाई कर्वे. बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, १८९३ मध्ये अण्णांशी पुनर्विवाह. अण्णांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली. ते वाचताना आपला ऊर भरून येतो. त्या घरात उद्याची चूल कशी पेटायची हा हिशोब मात्र बायांकडे होता. पोरंबाळं, आजारपणं, वाळीत टाकलेल्या घराचे हाल, शिवाय आश्रमासाठी वर्गणी गोळा करणं, हे सगळं त्यांनी निभावलं. त्या चिडल्या, भांडल्या, आणि ते लिहायला लाजल्या नाहीत. अण्णांची थोरवी यानं तसूभर कमी होत नाही. पण त्यांच्या साधेपणाची उरलेली किंमत कुणी भरली, ते त्या पुस्तकात लिहिलेलं आहे.

जुन्या शास्त्रानं हा प्रश्न कसा सोडवला होता? मनुस्मृतीत सांगितलंय की अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले, नातवंडाचं तोंड पाहिलं, की गृहस्थानं वनात जावं. आणि बायको? तिला मुलांकडे सोपवावी, नाहीतर बरोबर न्यावी. तिचे केस कधी पिकतात, तिला कुठे जावंसं वाटतं, याचा विचार त्यात नाही. आजही फार बदललं असं मला दिसत नाही. २०१९ मध्ये सरकारनं लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. हे सगळ्या वयांचे आकडे आहेत. काउंटरवरून मला जे दिसलं ते असं: पुरुषाला अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी शाल, श्रीफळ आणि निवृत्ती मिळते, आणि त्या दिवसापासून त्याच्या बायकोला दुपारच्या एका चहाचं काम वाढतं. आजोबा कट्ट्यावर जातात, परत येऊन वर्तमानपत्रातलं शब्दकोडं घेऊन बसतात, ‘उभा सहा, चार अक्षरी’ असं स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारतात, आणि आतून बरोबर उत्तर येतं. कोडं कोण सोडवतंय?

म्हणून माझा मटार सोलण्याचा आनंदही तपासून घ्यावा लागतो. मी निम्मे दाणे खाते, कारण उरलेला स्वयंपाक माझ्यावर नाही. नोकरीवरून आलेली सून तो करते, नाहीतर पोळ्यांना येणाऱ्या बाई करतात, ज्यांना साठीनंतर पेन्शन नाही. गावात असे कितीतरी आनंदी आजी-आजोबा आहेत, ज्यांच्या प्रसन्न चेहऱ्यामागे अशी एक पोळ्यांची बाई आहे. तिच्या उतारवयाचं काय, हे आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात कधी विषयपत्रिकेवर आलेलं मी ऐकलं नाही.

तिच्यासाठी काय आहे ते सांगते, कारण हे आकडे माहीत असावेत. पासष्टी झाली आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असेल तर श्रावणबाळ योजनेतून महिन्याला दीड हजार रुपये. २०२३ पर्यंत एक हजार होते. यातला केंद्राच्या योजनेचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत दोनशे रुपये आणि ऐंशीनंतर पाचशे, आणि तो वर्षानुवर्षं तिथंच आहे. कारखान्यात घाम गाळलेल्या कामगारांना १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेखाली किमान पेन्शन हजार रुपये, २०१४ पासून तीच. ती वाढावी म्हणून बुलढाण्यात या पेन्शनरांनी साखळी उपोषण मांडलं. दीड हजारात माणूस साधा राहत नाही, गरीब राहतो. वरून दोन्ही सारखं दिसतं. दोघंही एक भाजी आणि भात खातात. पण एकाला उद्या श्रीखंड आणावंसं वाटलं तर तो आणू शकतो, आणि आणत नाही. दुसऱ्याला तो प्रश्नच पडत नाही. पहिल्याच्या ताटावर लेख लिहिले जातात आणि दुसऱ्याला ते वाचायला देतात, ही गोष्ट मला सहन होत नाही.

हल्ली साधेपणा विकायलाही आला आहे. मातीची भांडी, घाण्याचं तेल, हातानं विणलेली बिनरंगी साडी, शहराबाहेर ‘गावाकडचं जेवण’. किमती पाहून मला वाटतं, आपल्या आज्या किती श्रीमंत होत्या. यावर जास्त वेळ घालवत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावं, पण त्याला साधी राहणी म्हणू नये.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढची माणसं देशात दहा कोटींवर होती, महाराष्ट्रात लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं. म्हणजे एवढ्या मोठ्या संख्येनं म्हातारं होणारी आपली पहिलीच पिढी. आपल्यापुढे नमुना नाही. आपल्या आजोबांची साठी म्हणजे शांत आणि काशी, आपली साठी म्हणजे अजून वीस वर्षं. ही वर्षं दवाखान्याच्या बाकावर काढायची की चौकातल्या बाकावर, हे काही अंशी आपल्या स्वभावावर आहे आणि बऱ्याच अंशी चौकात बाक आहे की नाही यावर.

आता एक ठोस प्रस्ताव मांडते आणि थांबते, कारण वाचनालयाच्या कार्यवाहांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलंय.

आपल्या नगरपरिषदेची बाग दुपारी बंद असते. देऊळ दुपारी बंद. घरात दुपारी मुलं नाहीत, सून नाही, वीज कधी असते कधी नसते. पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या खोलीत एप्रिल-मे काढणं काय असतं ते ज्यांनी काढलंय त्यांना विचारा. आणि हे वाचनालय, ज्याच्या भिंती दीड हात जाड आहेत, ज्यात गार पाणी आहे आणि स्वच्छतागृह आहे, तेही दुपारी बारा ते चार बंद. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाची कल्पना महाराष्ट्रात दोनशे वर्षं मुरते आहे. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे, अनुदान आहे, ते अपुरं आहे हेही मला माहीत आहे. अपुरं असल्यामुळे सगळ्यात आधी मार बसतो तो इथल्या ग्रंथपालांना आणि शिपाईदादांना. त्यामुळे दुपारची वेळ वाढवा आणि तुम्हीच थांबा, असं त्यांना सांगायचं नाही. तसं केलं तर आपल्या सुखाची उरलेली किंमत पुन्हा कमी पगाराच्या माणसावरच जाईल.

प्रस्ताव असा. मार्च ते जूनमधला उन्हाचा काळ, वर्तमानपत्रांचा हॉल बारा ते चार उघडा ठेवायचा. पुस्तकांची देवघेव नाही, कपाटांना कुलूप. हॉलची किल्ली ज्येष्ठ नागरिक संघाकडे, आणि रोज दोन जणांनी पाळीनं बसायचं, त्यात एक बाई असलीच पाहिजे, म्हणजे बायका आत यायला बिचकणार नाहीत. सभासदत्वाचं कार्ड मागायचं नाही. भाजीवाल्या मावशींना पंख्याखाली तासभर बसायचं असेल तर त्यांनी वर्तमानपत्र वाचलंच पाहिजे असं नाही. वाढलेल्या विजेचं बिल संघानं भरावं, त्यासाठी वर्षातल्या एका सहलीवर पाणी सोडायला माझी तयारी आहे. आणि पुरुष सभासदांना वेगळी विनंती. तुम्ही इथं येऊन बसाल तेव्हा चार वाजताचा चहा घरी जाऊन स्वतः करा, आणि दोन कप करा.

कार्यवाहांनी पाळीचा तक्ता आजच दाराजवळ लावावा. मंगळवार आणि शुक्रवारपुढे माझं नाव लिहा.